एअर रायफलची पीप साइट आपल्या डोळ्याला कशी जुळवावी

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्याभोवतीचे प्रत्येक वर्तुळ व्यासाने ५ मिलिमीटर वाढत जाते, म्हणजे मध्यापासून बाहेर जाताना प्रत्येक २.५ मिलिमीटरला एक गुण कमी होतो. नेमबाज त्या ठिपक्यावर नेम धरत नाही, कारण दहा मीटरवरून तो डोळ्याला दिसतच नाही. त्याला दिसतो तो ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल. हा गोल पुढच्या साइटच्या (नळीवरच्या नेम धरण्याच्या साधनाच्या) रिंगमध्ये मधोमध बसवायचा आणि ती रिंग मागच्या पीपच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या साइटच्या, छिद्रात मधोमध ठेवायची, एवढेच त्याचे काम असते. गोळी ठिपक्यावर नेण्याचे काम साइटचे आहे. त्यामुळे साइट चुकीची जुळवलेली असेल, तर उत्तम उभे राहून उत्तम ट्रिगर दाबणाऱ्या मुलालाही नऊच मिळत राहतात आणि दोष आपल्यातच आहे असे त्याला वाटू लागते.

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींतल्या नेमबाजीचे) कांस्यपदक जिंकल्यापासून रायफल हातात घेणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना या विषयाची विशेष ओढ लागली आहे, आणि ती फार आनंदाची गोष्ट आहे. मात्र नवी साइट, नवी रिंग, नवा फिल्टर विकत घेण्याची घाई त्याच ओढीतून होते. साइट जुळवण्याचा एक क्रम आहे: आधी मान आणि गाल, मग मागच्या साइटचे अंतर, मग पुढची रिंग, मग मागचे छिद्र आणि सर्वांत शेवटी क्लिक, म्हणजे साइट किंचित सरकवणाऱ्या बटणाचे टप्पे. बहुतेक नवशिके हा क्रम नेमका उलटा करतात, म्हणून पुढचे सगळे विवेचन मी याच क्रमाने करीत आहे.

त्याआधी कायदा आणि सुरक्षितता. आपल्याकडे ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण विक्रेत्याला खरेदीदाराच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी लागते. स्पर्धेची रायफल सुमारे अर्ध्या ग्रॅमची पॅलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, सेकंदाला १७० मीटरच्या आसपासच्या वेगाने सोडते, म्हणजे तिची ऊर्जा सात-साडेसात ज्यूल भरते. ही ऊर्जा डोळा कायमचा घालवायला पुरेशी आहे. म्हणून साइटच्या कोणत्याही स्क्रूला हात लावण्यापूर्वी बोल्ट उघडावा, नळी रिकामी आहे याची खात्री करावी आणि नळीतून आरपार जाणारी सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी घालावी. रायफलचे तोंड कायम लक्ष्याकडे असावे आणि रेंज ऑफिसरच्या परवानगीशिवाय कोणी फायरिंग लाइनच्या पुढे जाऊ नये. जुनी रायफल विकत घेत असाल, तर साइटच्या आधी हवेचे सिलिंडर पाहावे. त्यावर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. साधारणपणे दहा वर्षांनंतर ते वापरातून काढावे लागते, आणि ते मुदतीत असणे ही नियमाने नेमबाजाचीच जबाबदारी आहे.

मान आणि गाल

रायफल खांद्याला लावून, गाल चीक पीसवर (दस्त्यावरच्या गाल टेकवायच्या भागावर) टेकवून डोळे मिटावेत आणि दोन-तीन संथ श्वास घ्यावेत. मान सैल सोडून डोके जिथे आपोआप विसावेल तिथेच राहू द्यावे. आता डोळा उघडावा. पीपच्या छिद्रातून पुढच्या साइटची नळकांडी मधोमध दिसली, तर चीक पीस बरोबर आहे. ती छिद्राच्या खालच्या अंगाला सरकलेली दिसत असेल, तर डोळा खाली राहतो आहे आणि चीक पीस वर घ्यावा लागेल. ती वर दिसत असेल, तर चीक पीस उतरवावा. डावी-उजवी बाजू पाहून चीक पीस आत किंवा बाहेर सरकवावा. दर वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये आणि हलवल्यानंतर डोळे मिटण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. डोळे उघडे ठेवून ही तपासणी केली, तर मान नकळत स्वतःला सावरून घेते आणि चूक झाकली जाते.

डोके शक्य तितके सरळ हवे. उभ्याने नेम धरताना मान फार पुढे झुकली किंवा बाजूला कलली, तर डोळा भुवईखालून वाकडा पाहतो आणि स्नायू लवकर थकतात. उंच मानेच्या मुलांसाठी साइटखाली रायझर ब्लॉक लावतात. तो लावताना मागे जेवढी उंची वाढवली तेवढीच पुढेही वाढवावी, नाहीतर वर-खालीची दुरुस्ती साइटच्या मर्यादेबाहेर जाते.

यानंतर मागच्या साइटचे अंतर ठरवावे. डोळा आणि पीप यांच्यात पाच ते आठ सेंटिमीटर अंतर बहुतेकांना मानवते. साइट रुळावर मागेपुढे सरकवून असे ठिकाण शोधावे, की पीपच्या छिद्रात पुढची नळकांडी पूर्ण दिसेल आणि तिच्याभोवती उजेडाचे बारीक, सगळीकडे सारख्या जाडीचे कडे उरेल. डोळा मध्यापासून ढळला की हे कडे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होते, म्हणून नवशिक्याने या कड्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे असे माझे मत आहे. साइट फार जवळ घेतली, तर कडे इतके रुंद होते की डोळ्याची चूक लक्षात येत नाही. फार लांब नेली, तर नळकांडीच्या कडा कापल्या जातात. अंतर ठरले की रुळावर पेन्सिलने खूण करावी.

पुढची रिंग

रिंग किती मोठी हवी हे ठरवायला साधे गणित पुरते. डोळ्यापासून पुढची साइट ८५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. दहा मीटरवरचा ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल त्या जागी ३०.५ गुणिले ०.८५ भागिले १० म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर एवढा भासतो. रिंग ३.८ मिलिमीटरची असेल, तर गोलाभोवती चारही बाजूंना ०.६ मिलिमीटर पांढरे उरते, ४.२ ची असेल, तर ०.८ मिलिमीटर.

लहान रिंगमध्ये चूक लगेच दिसते, म्हणून ती अचूक असली पाहिजे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नवशिक्याची रायफल हातात बरीच हलत असते. रिंग लहान असेल, तर काळा गोल तिच्या कडेला सतत चिकटतो आणि सुटतो, तो क्षणभर मध्ये आला की मुलगा घाईने ट्रिगर ओढतो किंवा उलट फार वेळ धरून बसतो. मोठ्या रिंगमध्ये पांढरे कडे रुंद असल्याने डोळा शांत राहतो, आणि गोल मधोमध आहे की नाही हे मानवी डोळ्याला रुंद कड्यातही फार छान कळते. म्हणून सुरुवात ४.० च्या वर करावी, हात स्थिर होत जाईल तसे ०.१ किंवा ०.२ मिलिमीटरने खाली यावे आणि ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, लहान होण्याऐवजी पसरू लागला की लगेच मागे फिरावे. प्रत्येक रिंगवर किमान दोन-तीन सरावसत्रे दिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण नव्या रिंगचे पहिले सत्र नावीन्यामुळेही चांगले जाते.

नळीच्या टोकाला एक्स्टेंशन ट्यूब लावून साइट पुढे नेणारे एक गोष्ट हमखास विसरतात. साइट ८५ वरून ९५ सेंटिमीटरवर गेली, तर तिथे काळा गोल सुमारे २.९ मिलिमीटर भासतो आणि पूर्वीची ४.० ची रिंग अचानक घट्ट वाटू लागते. पूर्वीसारखे दृश्य हवे असेल, तर रिंगही त्याच प्रमाणात वाढवून ४.५ च्या आसपास घ्यावी लागते.

रिंगच्या दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या असतात, त्या रायफल तिरपी झाली आहे का हे पाहण्यासाठी. एवढ्या वेगाची पॅलेट दहा मीटरच्या प्रवासात १७ ते १८ मिलिमीटर खाली येते आणि साइटच्या चढामुळे ती भरपाई होते. रायफल पाच अंश उजवीकडे कलली, तर त्या चढाचा थोडा भाग बाजूला वळतो आणि गोळी सुमारे दीड मिलिमीटर उजवीकडे लागते, म्हणजे अर्ध्या गुणाहून जास्त नुकसान. रायफल नेहमी त्याच कोनात कललेली असेल, तर साइट त्यानुसार जुळवता येते; पण कधी पाच अंश आणि कधी शून्य, अशा कलण्यावर कोणतीही साइट उपाय करू शकत नाही.

मागचे छिद्र, काच आणि उजेड

मागच्या पीपचे छिद्र कमी-जास्त करता येणारे असेल, तर १.१ किंवा १.२ मिलिमीटरवर सुरुवात करावी. छिद्र लहान केले की रिंग आणि गोल दोन्ही अधिक रेखीव दिसतात, पण उजेड घटतो आणि चित्र करडे होते. मोठे केले की चित्र उजळते, पण कडा पुसट होतात. पावसाळी दुपारी बाजू उघड्या असलेल्या रेंजवर आणि दिव्यांच्या बंदिस्त रेंजवर एकच छिद्र चालेल अशी अपेक्षा करू नये. उजेड बदलला की आधी छिद्र बदलावे, क्लिकना हात लावू नये. रंगीत फिल्टर साइटवर लावण्यास नियमाची हरकत नाही, परंतु लक्ष्य फार चमकत असेल तरच त्याचा उपयोग होतो.

चष्मा असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की नंबरची काच रायफलवर बसवता येत नाही. ती नेमबाजाने स्वतः घालायची असते. रोजच्या चष्म्यात नेम धरताना डोळा काचेच्या कोपऱ्यातून पाहतो आणि चित्र तिरपे होते. नेमबाजीच्या फ्रेममध्ये काच नजरेच्या रेषेला काटकोनात फिरवून बसवता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मोजून न्यावे आणि नजर त्या अंतरावरच्या रिंगवर स्थिरावली पाहिजे हे त्यांना सांगावे, म्हणजे ते लांबच्या नंबरात योग्य तो बदल सुचवतात. चाळिशी ओलांडलेल्या हौशी नेमबाजांना या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो, तेवढा महागड्या साइटने पडत नाही.

दुसरा डोळा मिटू नये. तो मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि नेम धरणाऱ्या डोळ्यावरही ताण येतो. त्याच्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची, उजेड आत येऊ देणारी पांढरट पट्टी लावावी. काळी पट्टी लावली, तर दोन डोळ्यांच्या बाहुल्या वेगवेगळ्या उजेडात काम करू लागतात.

साइट झिरो करणे

आता क्लिक. साइट झिरो करणे म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा एक करणे. प्रथम मागच्या साइटची दोन्ही बटणे एका टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवून तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे क्लिक मोजावेत आणि साइट बरोबर मध्यावर आणावी. मग पाच गोळ्यांचा एक ग्रुप मारावा. एकेका गोळीमागे साइट फिरवू नये, कारण एक गोळी नेमबाजाच्या चुकीबद्दल सांगते, साइटबद्दल नाही.

पाच छिद्रांचा मध्य काढण्याची एक सोपी रीत आहे. डावीकडून मोजत तिसऱ्या छिद्राच्या मधून उभी रेघ काढावी, खालून मोजत तिसऱ्या छिद्राच्या मधून आडवी रेघ काढावी, आणि दोन्ही रेघा जिथे छेदतात तो ग्रुपचा मध्य धरावा. या रीतीत एखादी भरकटलेली गोळी हिशेब बिघडवत नाही. मग त्या मध्यापासून ठिपक्यापर्यंतचे आडवे आणि उभे अंतर पट्टीने मोजावे.

किती क्लिक द्यायचे हे साइटच्या पत्रकावर छापलेले असते, पण स्वतः मोजलेले बरे. ग्रुप मारून वीस क्लिक द्यावेत आणि पुन्हा ग्रुप मारावा. दोन मध्यांमधले अंतर ६ मिलिमीटर आले, तर एक क्लिक ०.३ मिलिमीटरचा. याच वेळी दिशाही पक्की करावी. मागची साइट ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला गोळी जाते, आणि पुढची साइट हलवली तर उलट बाजूला. परंतु बटणावरची अक्षरे फसवू शकतात. जर्मन बनावटीच्या बहुतेक साइट्सवर आर, एल, एच, टी अशी अक्षरे असतात, म्हणजे उजवे, डावे, वर आणि खाली. तिथे अभिप्रेत अर्थ ‘गोळी उजवीकडे लागत असेल तर आर कडे फिरवा’ असा असतो, तर इतर काही साइट्सवर बाण ‘गोळी न्यायची ती दिशा’ दाखवतो. क्लबची रायफल बदलली की हा गोंधळ हमखास होतो, म्हणून वीस क्लिकांची चाचणी प्रत्येक नव्या साइटवर करावी.

साइट जुनी असेल, तर चौकोनाची चाचणी उपयोगी पडते: दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक ग्रुप. शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. बसला नाही, तर स्क्रूच्या आट्यांमध्ये ढिलाई आली आहे. अशा साइटवर दुरुस्ती करताना दोन क्लिक पुढे जाऊन परत यावे आणि नेहमी एकाच दिशेने येऊन थांबावे.

दुरुस्ती केवढी बारीक असावी? भारतीय नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा ठिपक्याला पॅलेटची कड स्पर्शून गेली तरी पूर्ण दहा मिळत. आता पात्रता फेरीतही दशांश गुण मोजले जातात, सर्वोत्तम गोळी १०.९ ची असते आणि दर ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो. त्यामुळे पूर्वी न जाणवणारी एक मिलिमीटरची चूकही मध्यावर जाणाऱ्या गोळीचे ०.४ गुण घेऊन जाते, आणि साठ गोळ्यांच्या सामन्यात तिची बेरीज मोठी होते.

क्लिक देण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: गोळी जिथे लागली तिथेच ती सुटताना माझी रिंग होती का? प्रत्येक गोळीनंतर पडद्याकडे पाहण्यापूर्वी ती कुठे गेली असेल ते मनात म्हणावे, यालाच कॉल करणे म्हणतात. कॉल उजवीकडचा आणि गोळीही उजवीकडे, तर साइट निर्दोष आहे. कॉल मध्याचा आणि लागोपाठ तीन गोळ्या उजवीकडे, तर क्लिक द्यावेत. याशिवाय नेम धरून डोळे मिटावेत, श्वास सोडावा आणि डोळे उघडावेत. रिंग काळ्या गोलापासून बाजूला गेलेली दिसली, तर शरीर लक्ष्याशी जुळलेले नाही. तेव्हा मागचा पाय किंचित सरकवून संपूर्ण उभे राहणे वळवावे. हा दोष क्लिक देऊन झाकला, तर दंडाचे स्नायू सामनाभर रायफल ओढत राहतात आणि चाळिसाव्या गोळीनंतर ग्रुप विस्कटतो.

पॅलेटची निवड

साइट पक्की बसल्यावरही ग्रुप मोठा येत असेल, तर पॅलेट तपासावी. स्पर्धेसाठी चपट्या डोक्याच्याच पॅलेट्स वापराव्यात, कारण त्या कागदात स्वच्छ गोल छिद्र पाडतात. एकाच कंपनीच्या डब्यांवर ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे डोक्याचे माप छापलेले असते आणि प्रत्येक नळीला त्यातले एखादे अधिक मानवते. रायफल शिकंज्यात घट्ट बांधून प्रत्येक डब्यातून दहा गोळ्या एकाच जागी माराव्यात. छिद्रांच्या बाहेरच्या कडांपर्यंत मोजून ग्रुप ६ मिलिमीटरच्या आत आला, तर तो डबा फार चांगला समजावा. त्याच बॅच नंबरचे आणखी डबे एकदम घेऊन ठेवावेत.

पॅलेट भरण्याआधी तिचा मागचा पोकळ घेर उजेडाकडे धरून पाहावा. घेर कुठे दबला असेल, तर ती बाजूला काढावी. जमिनीवर पडलेली पॅलेट पुन्हा वापरूच नये. कोकणासारख्या दमट हवेत उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरट पापुद्रा धरतो, म्हणून झाकण घट्ट लावून डबे कोरड्या जागी ठेवावेत. पॅलेट हाताळलेल्या हातांनी खाऊ नये. रेंजवरून निघण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लहान मुलांना पहिल्याच दिवशी लावावी.

स्वतः काडतुसे भरण्याबद्दल अनेक जण विचारतात. पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या काडतुसात पेट घेणारा मसाला पितळी कडेच्या आत भरलेला असतो आणि फायरिंग पिनच्या आघाताने ती कडच चेपते, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. तिथेही पॅलेटप्रमाणेच वेगवेगळे लॉट तपासून आपल्या नळीला मानवणारा निवडावा लागतो. मोठ्या बोअरची काडतुसे भरणे हे स्फोटक दारू आणि शस्त्र या दोन्हींच्या कायद्याखाली येणारे काम आहे आणि ते घरी करून पाहण्यासारखे नाही.

क्लबच्या रायफलवर

आपल्याकडे बहुतेक मुले क्लबच्या रायफलवरच शिकतात आणि एकच रायफल सकाळपासून तीन-चार हातांतून जाते. अशा वेळी ‘माझी सेटिंग’ टिकवण्याचा एकच मार्ग म्हणजे वही. साइट एका टोकापर्यंत, म्हणजे पूर्ण खाली आणि पूर्ण डावीकडे नेऊन तिथून स्वतःच्या झिरोपर्यंतचे क्लिक मोजावेत आणि लिहून ठेवावेत. त्यासोबत चीक पीसची उंची, बट प्लेटचे (खांद्याला टेकणाऱ्या भागाचे) माप, साइटची रुळावरची खूण, रिंगचा आकार, छिद्राचा आकार आणि पॅलेटचा बॅच नंबर ही सहा नोंदी कराव्यात. थ्री पोझिशन खेळणाऱ्यांनी गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा प्रत्येक स्थितीसाठी वेगळे पान ठेवावे, कारण प्रत्येक स्थितीत डोके वेगळ्या उंचीवर येते आणि झिरोही वेगळा असतो.

स्वतःची पाळी आली की नोंदीप्रमाणे सगळे लावावे, साइटचे स्क्रू अॅलन कीने घट्ट आहेत का पाहावे आणि पहिल्या पाच गोळ्या फक्त झिरो तपासण्यासाठी ठेवाव्यात. पाळी संपल्यावर बदललेले क्लिक त्याच दिवशी वहीत उतरवावेत. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना मागची साइट रायफलवरून काढून स्वतंत्र डब्यात न्यावी आणि रुळावर ती पेन्सिलच्या खुणेवर परत बसवावी. सामन्याआधी मिळणाऱ्या साइटर शॉट्समध्ये (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्यांमध्ये) वहीतल्या क्लिकांपासून चार-पाच क्लिकांहून जास्त फरक पडला, तर आणखी क्लिक देण्याऐवजी थांबून साइट रुळावर घट्ट बसली आहे का ते आधी पाहावे.